सुभेदारांचं गरम पाणी

सुभेदार चहाच्या पाण्याला कान लावायचे. स्टोव्हवर किटली ठेवली की खुर्ची ओढून शेजारी बसायचे, मान वाकडी करायचे, उजवा कान किटलीकडे धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. डावा कान कामाचा नव्हता. तोफखान्यात नोकरी झाली, डावा कान तिथेच जमा करून आलो, असं तेच सांगायचे. पाणी उकळायच्या थोडं आधी एक बारीक आवाज करतं. आपण लक्ष देत नाही. तो आवाज आला की सुभेदार ओरडायचे, "बोल पड़ा! पानी बोल पड़ा!" आणि झटकन स्टोव्ह बंद. मग किटलीत चिमूटभर पत्ती, वर झाकण, आणि मोजायला सुरुवात. एक, दो, तीन, पार एकशे वीसपर्यंत. मध्ये कोणी बोललं तर नुसता हात वर. तोफ डागायच्या आधी असंच मोजत असतील. एकशे वीस झाले की कपात ओतायचे. काय, तर पिवळट हिरवं पाणी. दूध नाही, साखर नाही, आलं नाही. त्याला ते चहा म्हणायचे.

मी चहाचा माणूस. पाथर्डीच्या शिवारात आमचा मळा. दोन म्हशी होत्या, पण दूध सगळं डेअरीला जायचं. घरात चहा कोरा, गुळाचा. माझी बायको यमुना तो असा उकळायची की कपात बोट घातलं तर बोट दिसू नये. पातेलं सकाळी चुलीवर चढायचं ते दुपारपर्यंत उतरायचं नाही. दिवसाला आठ कप, बाजाराच्या दिवशी दहा. चौथी शिकलेला माणूस मी, पण चहातलं मला कोणी शिकवावं असं राहिलेलं नव्हतं.

सुभेदारांची गाठ पडली ती चोथ्यामुळे. नव्वद सालाच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील. इंदिरानगरची घरं आमच्या बांधाकडे सरकायला लागली होती. मळ्यात गुलाब होता, आणि गुलाबाला चहाचा चोथा मानवतो. सकाळी फुलं बाजारात टाकली की सायकलला डबा अडकवून मी देवळाली कॅम्पात जायचो. तिथल्या दोन-तीन हॉटेलांतला चोथा घ्यायचो आणि काही घरांतला. बायका माझ्यासाठी बांधून ठेवायच्या, मी दसऱ्याला त्यांना फुलं द्यायचो. पण त्या चोथ्यात साखर असते. तसाच मुळाशी घातला तर मुंग्यांची जत्रा. म्हणून तीन पाण्यांतून धुवायचा, पोत्यावर वाळवायचा, मग झाडाला. यमुना म्हणायची, "माझी लुगडी एका पान्यात निघत्यात अन् ह्यांचा चोथा तिनात."

एक दिवस बाजाराच्या मागच्या गल्लीत नवं घर पाहिलं. फाटकाच्या आत एक ताठ म्हातारा पेपर वाचत बसलेला. मी हाक दिली, "चोथा आहे का, चहाचा चोथा?" म्हाताऱ्याने पान उलटलं. परत हाक दिली. नाही. तिसऱ्यांदा दिली तरी मान हलेना. मला राग आला. मी फाटक हलवून ओरडलो, "बहिरा हाय का काय?"

मान वळली. "हां," म्हणाले. "आधा. दूसरी तरफ से आओ."

मी वळसा घालून उजवीकडे गेलो. तेव्हापासून त्यांच्याकडे मी नेहमी उजवीकडूनच गेलो.

चोथा मिळाला. डबा उघडून पाहतो तर आत हिरवी पानं. भुकटी नाही, अख्खी पानं, देठासकट, भिजून उलगडलेली. मी म्हणालो, "साहेब, ही पालेभाजी आहे. चोथा द्या."

"यही है."

"उकळली नाही पत्ती तुम्ही. वाया घालवली की."

"उबालेंगे तो मर जाएगी."

"वाळलेली पत्ती. ती काय जिवंत आहे?"

ते इतके हसले की खुर्ची हलली. मग सांगितलं. गाव कांगड्याकडे, हिमाचलात. गावाभोवती चहाचे मळे, आणि तिथे असाच हिरवा चहा पितात. बहीण दर दोन-तीन महिन्यांनी कापडात शिवून पार्सल पाठवते. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही. शेवटची नेमणूक देवळालीत होती, पेन्शन झाल्यावर इथेच राहिले, कारण इथली थंडी गुडघे धरत नाही. "पियोगे?" असं विचारलं. मी म्हणालो, "माझ्या गुलाबाला चालेल. मला नको."

ते मला पुढची कितीतरी वर्षं विचारत राहिले आणि मी हेच उत्तर देत राहिलो. चोथा मात्र पहिल्या नंबरचा. साखर नाही, दूध नाही. धुवायचं काम नाही. डब्यातून थेट मुळाशी.

पुढे त्यांच्या अंगणातल्या कुंड्याही मीच बघायला लागलो. झाडातलं त्यांना काही कळत नव्हतं. कळायची ती ओळ. कुंड्या सुतळी धरून लावायचे, दोन कुंड्यांमध्ये एक वीत. एखादं झाड उन्हाला सरकवावं तर दुसऱ्या दिवशी परत रांगेत. मी चिडायचो, "साहेब, झाड आहे, तोफ नाही." ते म्हणायचे, "मालीजी, कतार पहले. फूल अपने आप शरमा के आएगा." मी घाईत असलो, बाजाराची वेळ होत असली, की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "जल्दी किस बात की? दुश्मन तो कब का चला गया." एवढं बोलून ते किटली चढवायचे. मला काय, थांबावंच लागायचं. ते त्यांचं पाणी प्यायचे, मी नुसता बसायचो.

एकदा स्वतःच मळ्यात आले. बसने फाट्यापर्यंत, तिथून पायी, खांद्याला पिशवी. म्हणाले, माझी पत्ती कुठे जाते ते बघायचं आहे. गुलाबाच्या ओळीतून पाठीमागे हात बांधून फिरले, जशी काही पलटण तपासतात. मग ओट्यावर बसून पिशवीतून किटली काढली. यमुनाच्या चुलीवर पाणी ठेवलं, कान लावला, मोजलं. यमुना कमरेवर हात ठेवून बघत होती. पाहुण्याने दिलेली वस्तू नाही म्हणू नये म्हणून तिने कप घेतला. एक घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग गिळला.

"भाऊजी, राग मानू नका," ती म्हणाली. "पन ह्याला चहा म्हननारा मानूस म्या आज पाह्यला. हा चहा नाय. हे गरम पानी हाय. पानी बी चांगलं व्हतं, तुमी पाला टाकून नासवलं."

सुनबाई दारात उभी होती, ती तोंडावर पदर धरून आत पळाली. माझी मान खाली. पण सुभेदार उठले, टाचा जुळवल्या आणि यमुनाला सलाम ठोकला. "भाभीजी का हुकूम. आज से गरम पानी."

मग यमुनाने तिचा चहा दिला, कोरा. सुभेदारांनी घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. "भाभीजी, ये चाय नहीं. बारूद है."

"मंग? तोफवाल्याला बारूद चालत नाय व्हय?"

त्यांनी कप संपवला. त्यानंतर जेव्हा येतील तेव्हा फाटकातूनच आरोळी, "भाभीजी, गरम पानी आया है!" आणि आतून यमुना, "या, बारूद उकळतंय!" दोघांनी एकमेकांचा चहा कधी परत तोंडाला लावला नाही, पण थट्टा दहा-बारा वर्षं पुरवली.

यमुना गेली. पोटात गाठ निघाली आणि तीन महिन्यांत सगळं संपलं. त्यातलं जास्त मी लिहिणार नाही. सुभेदार तेव्हा बहिणीकडे कांगड्याला गेले होते.

दहाव्याला आम्ही गंगेवर, म्हणजे आमच्या नदीच्या घाटावर, गेलो. पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. कावळे होते, समोरच्या भिंतीवर पाच-सहा बसले होते. बघत होते, पण खाली येत नव्हते. मेलेल्या माणसाची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मग जो तो काही काही बोलायला लागला. मुलगा म्हणाला, "आई, अण्णांना नीट सांभाळीन." सुनबाई म्हणाली, "आत्याबाई, म्हशी विकणार नाय." यमुनाच्या भावाने काहीतरी कबूल केलं. कावळे जागचे हलेनात. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी घड्याळ बघायला लागले. लोक माझ्याकडे बघायला लागले.

मला यमुनाचं रोजचं एकच बोलणं आठवलं. "त्यो चहा कमी करा. छाती जळती म्हनून रात-रात उठून बसता, मलाबी झोपू देत नाय." चहा करून द्यायची तीच, आणि बोलायचीही तीच. मी पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, "सोडला, यमुने! चहा सोडला मी! जिता हाय तवर तोंडाला लावनार नाय. आता तरी ये!"

कावळा आला. लगेच आला. सगळे म्हणाले, सुटली बिचारी. ती सुटली, मी अडकलो.

ज्याने चहा सोडला नाही त्याला हे कळायचं नाही. पहिले आठ दिवस डोकं फुटायला आलं. ते बसलं, पण पुढे जे झालं ते वाईट. सकाळी उठायचं कशाला हेच कळेना. उठलो की हात चुलीकडे जायचा. कोणाच्या घरी गेलो तर आधी चहाच येतो, आणि नको म्हटलं की विचारतात का. मग यमुनाची सगळी कथा परत सांगायची. तीन-चार घरी सांगितली आणि लोकांकडे जाणंच बंद केलं. हॉटेलात चोथ्याला जायचो तर वास सहन होईना. चोथा आणणं बंद झालं. गुलाबाकडे बघणंही सुटलं. छाटणी राहिली, कळ्या बारीक यायला लागल्या. मुलगा म्हणाला, "अण्णा, प्या एखादा कप, आई काय म्हणणारे?" मी त्याच्यावर ओरडलो. सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, आणि ती ऐकून खाली आली होती. आयुष्यात तिला दिलेले शब्द मी थोडेच पाळले होते. हा शेवटचा. तो मोडायचा नव्हता. पण तो पाळता पाळता मी वाळत चाललो होतो, हेही दिसत होतं.

सुभेदार परत आले आणि तिसऱ्या दिवशी मळ्यात. फाटकातून सवयीने आरोळी आली, "भाभीजी, गरम..." आणि तिथेच तुटली. मग आत आले, गुलाबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चुलीपाशी गेले आणि किटली चढवली.

मी उजवीकडे जाऊन सांगितलं, "साहेब, मी चहा सोडलाय. यमुनाला शब्द दिलाय."

"सुना है," ते म्हणाले आणि कान किटलीला लावला. पाणी बोललं. पत्ती टाकली. मोजायला लागले. मी मध्येच बोलायला गेलो तर हात वर. एकशे वीस झाले. दोन कप भरले आणि एक माझ्यापुढे सरकवला.

"तुम्हाला कळत नाही का?" मी ओरडलो. "सोडलाय म्हणतो ना!"

"क्या सोडला?"

"चहा!"

"ये चाय है?"

"मग काय आहे?"

"मुझसे मत पूछो. भाभीजी का हुकूम क्या था?"

त्यांनी आत वळून हाक मारली, "बहू! बाहर आओ. गवाही चाहिए." सुनबाई हात पुसत आली. सुभेदारांनी कप पुढे धरला. "तुम्हारी सास ने इसको क्या बोला था? सच बोलना."

सुनबाईने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले आणि ओठ मात्र हसायला लागले. "मामा, आत्याबाई म्हनल्या व्हत्या, हा चहा नाय, गरम पानी हाय."

"और?"

"पाला टाकून नासवलंय म्हनल्या."

"बस. खतम."

मी म्हणालो, "साहेब, ही पळवाट आहे. मला पळवाट नको."

तेव्हा सुभेदार पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "मैं फौजी आदमी हूँ, मालीजी. पळवाट मला बी नाय चालत. हुकूम पूरा पढ़ना पड़ता है, आधा नहीं. तुम्ही चाय सोडली. चाय मतलब भाभीजीची चाय, काली. वो कभी मत पीना. मैं देखूँगा तो हाथ पकडूँगा. पर इसको उन्होंने खुद चाय नहीं माना. घर की मालकिन का फैसला है. तुम बदलोगे?"

यमुनाचा निकाल बदलायची हिंमत मला ती जिवंत असतानाही नव्हती. मी कप उचलला.

खोटं कशाला लिहू, मला आवडला नाही. पहिला घोट काहीच लागला नाही. दुसऱ्याला गवताचा वास आला, पाणी दिल्यावर मळ्यात येतो तसा. मग शेंगा उकडलेल्या पाण्याची चव, आणि जिभेच्या शेंड्याला थोडा कडूपणा. यमुनाचा चहा घशातून उतरतानाच सांगायचा की मी आलोय. हा काही बोलतच नव्हता. मी गिळून थांबलो. जरा वेळाने तोंडात गोड झालं, साखर नसताना. कुठून आलं कळेना.

"कैसा है?" सुभेदारांनी विचारलं.

"यमुना बरोबर बोलली होती," मी म्हणालो.

ते हसले. मीही हसलो, दोन महिन्यांनी. कप पूर्ण प्यालो. त्याची चव यमुनाच्या चहाच्या जवळपासही जात नव्हती, म्हणूनच तो माझ्या घशाखाली उतरला. तिच्यासारखा असता तर मी फेकून दिला असता.

त्या दिवशी जाताना त्यांनी किटलीतला चोथा माझ्या हातावर ठेवला. हिरवा, गरम, न धुता चालणारा. तो घेऊन मी गुलाबात गेलो. पुढल्या आठवड्यात कात्री काढली, छाटणी केली. हिवाळ्यात फुलं आली. रोज सकाळी मी किटली चढवायला लागलो. कोणाच्या घरी गेलो की खिशातून पुडी काढायचो आणि म्हणायचो, नुसतं गरम पाणी द्या. लोक हसायचे, पण पाणी द्यायचे. मी बसायला लागलो, बोलायला लागलो. आणि छातीची जळजळ गेली ती गेलीच. यमुनाला जे पाहिजे होतं ते झालं, जरा वळसा घालून.

सुभेदारांचे गुडघे पुढे इथल्या थंडीतही धरायला लागले. बहिणीचा मुलगा न्यायला आला. निघायच्या आदल्या दिवशी ते मळ्यात आले, भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून. मी किटली घ्यायला उठलो तर म्हणाले, "आज पानी नहीं. भाभीजी वाली बारूद पिलाओ."

सुनबाई उठली. मी तिला बसवलं. उभ्या जन्मात मी चहा केला नव्हता, प्यालो फक्त. पातेल्यात पाणी, गूळ, पत्ती घातली. उकळी आली आणि तो वास घरभर झाला. मी तिथेच उभा राहिलो. कपात ओतून दिला. सुभेदारांनी घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि मान हलवली. "ना. भाभीजी की नहीं है. कमजोर है."

मी ओतलेला चहा परत पातेल्यात घातला आणि चुलीत लाकूड सारलं. भाच्याला गाडीची तयारी करायची होती, तो चुळबुळ करत होता. सुभेदार म्हणाले, "जल्दी किस बात की?" मी उकळू दिला, इतका की पातेल्याच्या कडेला काळी रेघ आली. परत दिला. त्यांनी एक घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं, पहिल्यांदा आलं होतं तसंच. कप संपवला आणि पालथा घातला.

कांगड्याहून मला पार्सल यायला लागलं, कापडात शिवलेलं. दोन वर्षं आलं. मग एक पार्सल आलं त्यात भाच्याची चिठ्ठी होती. मामा गेले. जायच्या आठवड्यात त्यांनीच ही पत्ती माझ्या नावाने बाजूला काढायला सांगितली होती.

तिकडे जे करायचं ते त्यांच्या लोकांनी केलं असणार. पण माझ्याने राहवेना. मी विहिरीच्या कठड्यावर भाताचा एक घास ठेवला. त्याच्या शेजारी त्यांच्या पद्धतीने केलेलं एक कप पाणी ठेवलं, कान लावून, एकशे वीस मोजून. जांभळीवर कावळा बसलेला होता. मी म्हणालो, "सुभेदार, या." तो बसूनच राहिला. परत म्हणालो. त्याने मान दुसरीकडे केली. आता सोडायला माझ्याकडे काय उरलं होतं? चहा तर आधीच गेला होता.

मग माझं मलाच हसू आलं. मी विहिरीला वळसा घातला, कावळ्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि मोठ्याने ओरडलो, "सुभेदारसाहेब! गरम पानी आया है!"

कावळा खाली आला. भात घेतला. कपात चोच बुडवली, एकदा डोकं झटकलं आणि उडून गेला. सुनबाई मागे उभी होती. म्हणाली, "मामा, त्याला बी नाय आवडलं."

कपात उरलेलं पाणी आणि किटलीतली पानं मी गुलाबाच्या मुळाशी नेऊन घातली.